बिनकुलपाच्या गावात हरवलेली किल्ली

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवार होता आणि अण्णांना शिंगणापूरला जायचं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. नगरपासून पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता. (सरकारी कागदांवर ऑक्टोबर २०२४ पासून आमचं नगर 'अहिल्यानगर' झालं आहे, पण जिभेला अजून सवय व्हायची आहे. असो.) सकाळी लवकर निघालो, दर्शन झालं, तेल वाहून झालं, उसाचा रस पिऊन झाला. पार्किंगमध्ये आलो, खिशात हात घातला आणि पोटात गोळाच आला. गाडीची किल्ली नव्हती.

सगळे खिसे उलटे करून झाले. रसवंतीवाल्याला विचारून झालं. चौथऱ्यापर्यंत मान खाली घालून दोनदा फिरून आलो. पत्ता नाही. ज्या गावाच्या घरांना दारं नाहीत आणि कुलपं नाहीत म्हणून देशभरातून लोक बघायला येतात, त्या गावात मी माझ्याच कुलूपबंद गाडीबाहेर उभा! अण्णांना हसू आवरेना. "शनिमहाराजांनी बरोबर माणूस हेरला," म्हणाले.

"दुसरी किल्ली कुठंय, अण्णा?" मी विचारलं. त्यांचं हसू थांबलं. गाडी त्यांची. निवृत्तीच्या पैशातून २०११ साली घेतलेली. जादा किल्ली तेव्हापासून त्यांच्याच ताब्यात. "ठेवलीय की," ते म्हणाले, "अगदी नीट ठेवलीय." कुठे ते मात्र आठवेना. गेल्या वर्षभरात असं बऱ्याचदा होत होतं. नीट ठेवलेल्या वस्तूच सापडत नव्हत्या.

सोनईहून एक किल्लीवाला आला. पट्टी घालून त्यानं दार उघडलं, कुलपाचा अंदाज घेतला आणि तासाभरात कानशीनं घासून किल्ली तयार केली. दार उघडलं. इग्निशनमध्ये किल्ली फिरली. स्टार्टर घरघरला, इंजिनानं दोन सेकंद धरलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. समोरच्या काचेखाली किल्लीच्या चित्राचा एक लाल दिवा नुसता लुकलुकत होता.

"साहेब, लोखंडाचं काम माझं, ते झालं," किल्लीवाला म्हणाला. "आता चिपचं काम. त्याला नगरहून माणूस बोलवा."

अण्णांचा यावर विश्वासच बसेना. उभी हयात एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात गेलेला माणूस. किल्ली लागली, फिरली आणि तरी गाडी 'नाही' म्हणते, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. त्या दिवसापासून मी या किल्लीच्या मागे लागलो. जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे लिहून ठेवतो आहे.

सुरुवातीच्या मोटारींना आजच्यासारखी किल्ली नव्हतीच. पुढे हँडल घालून इंजिन फिरवायचं, तेही जपून, कारण उलटा झटका बसला तर मनगट मोडायचं. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू मागे पडलं. किल्ली पुढे आली ती विजेचा प्रवाह चालू-बंद करायला. स्टार्टरचं बटण मात्र वेगळं असे. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, ही आपल्याला जन्मजात वाटणारी सोय क्रायस्लर कंपनीनं आणली ती १९४९ साली. म्हणजे १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर आपली पहिली एसटी धावली, त्याच्याही नंतर!

आपल्याकडच्या जुन्या डिझेल गाड्यांचं तर आणखीच वेगळं. त्यांना ठिणगी लागत नाही, त्यामुळे एकदा सुरू झालेलं इंजिन किल्ली काढली म्हणून थांबत नसे. ड्रायव्हर एक मूठ ओढायचा, तेल बंद व्हायचं, मग इंजिन गप्प. अण्णांच्या कारखान्यातले ट्रक असेच. आणि नगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलांना घेऊन गेलात तर त्यांना सांगा, रणगाड्यालाही आपल्या मोटारीसारखी किल्ली नसते. बाहेरच्या झाकणाला कुलूप लावलं की झालं. पहारा असतो तिथे किल्लीची गरज कमी.

किल्लीची गरज पडते ती पहारा नसतो तिथे. म्हणजे तुमच्या-आमच्या दारात. १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, कारण शहरात अनोळखी माणसं शेजारी-शेजारी राहू लागली होती. गाडीचं कुलूपही त्याच घराण्यातलं. लोखंडाचे दाते, त्यांच्या उंचीनुसार उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या. त्यात खोट एवढीच की लोखंड झिजतं. अँबॅसडर आणि फियाटच्या जमान्यात एकाची झिजलेली किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागल्याचे किस्से घरोघरी होते. आणि नाहीच लागली तरी डॅशबोर्डखाली हात घालून दोन वायरी जोडता येत. चोराला कुलूप उघडायची गरजच नव्हती, त्याला वळसा घालता येत होता.

हा वळसा बंद करायचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. जनरल मोटर्सनं १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत एक छोटा रोधक बसवला. गाडी त्याचा रोध मोजायची आणि जुळला तरच सुरू व्हायची. पण रोधकाचे प्रकार होते फक्त १५. चोर जरा चिकट असला की पंधरा प्रकार जवळ बाळगायचा!

खरी क्रांती झाली ती युरोपात. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, सीमा उघडल्या आणि जर्मनीतल्या गाड्या चोरीला जाऊन पूर्वेकडे पोचू लागल्या. विमा कंपन्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आणि सरकारनं मिळून कारखानदारांना कोंडीत पकडलं. १९९५ च्या सुमारास नव्या गाड्यांत 'इमोबिलायझर' दिसू लागला आणि १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियानं २००१ मध्ये आणि कॅनडानं २००७ मध्ये तोच नियम केला.

आपल्याकडे तो आला तो पेट्रोल गाड्यांचा कार्ब्युरेटर गेल्यानंतर. यामागे सरळ कारण आहे. इमोबिलायझर 'नाही' म्हणणार म्हणजे कुणाला तरी ते ऐकावं लागणार! कार्ब्युरेटरला कान नसतात. २००० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले, इंजिनात पेट्रोल किती आणि कधी सोडायचं हे संगणक ठरवू लागला, आणि मगच त्या संगणकाला 'किल्ली ओळखल्याशिवाय सोडू नकोस' असं सांगता येऊ लागलं.

हे चालतं कसं? किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी नसते. (रिमोटची बॅटरी वेगळी. ती संपली तरी गाडी सुरू होते ती याचमुळे.) इग्निशनच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की ते जागं होतं आणि त्याच्या लहरींतूनच चिपला वीज मिळते. मग चिप आपली ओळख देते.

सुरुवातीच्या चिपा नुसता एक ठरलेला आकडा सांगत. जुन्या किल्ल्याच्या दरवाज्यावर पहारेकऱ्याला परवलीचा शब्द सांगावा तसं. पण परवलीचा शब्द आडोशाला उभं राहून कुणी ऐकला तर तोही आत जाणार. म्हणून पुढच्या चिपांत युक्ती बदलली. पहारेकरी दरवेळी नवा आकडा देतो. चिप आणि गाडी दोघींना ठाऊक असलेल्या गुप्त आकड्याच्या मदतीनं चिप त्यावर हिशेब करते आणि फक्त उत्तर सांगते. गुपित स्वतः कधी हवेत येत नाही. उत्तर बरोबर आलं तर पेट्रोल सुटतं. चुकलं तर दोन सेकंदांत बंद. शिंगणापूरच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीनं तीन वेळा हेच केलं. सोनईच्या किल्लीला प्रश्न विचारला गेला, पण उत्तर द्यायला तिच्याकडे डोकंच नव्हतं.

याचा उपयोग झाला का? भरपूर. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९५ ते २००८ या काळातल्या गाडीचोऱ्यांचा अभ्यास केला. इमोबिलायझरमुळे चोऱ्यांचं प्रमाण सरासरी ४० टक्क्यांनी घटलं, असा त्यांचा निष्कर्ष. उलटा पुरावा अमेरिकेनं दिला. तिथे हा नियम नाही. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि किआच्या मात्र २६ टक्केच गाड्यांना. २०२१-२२ मध्ये पोरांनी एकमेकांना व्हिडिओ दाखवून नेमक्या याच गाड्या पळवायचा सपाटा लावला.

पण म्हणून हे कुलूप अभेद्य आहे असं मुळीच नाही. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए कंपनीच्या संशोधकांनी एक लोकप्रिय चिप फोडून दाखवली. तिचं गुपित ४० बिटांचं होतं. म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण संगणकाला तासाभराचं काम. २०१२ मध्ये दुसरी एक चिप सहा मिनिटांच्या आत फुटली. तिसरीची गोष्ट तर कोर्टात गेली. फोक्सवॅगननं २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयातून संशोधकांना लेख छापायला मनाई मिळवली. अखेर २०१५ मध्ये तो छापला गेला, फक्त एक वाक्य वगळून!

यातला धडा जुनाच आहे. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी सांगून ठेवलं होतं, की कुलूप कसं बनवलंय हे शत्रूला कळलं तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. गाड्या बनवणाऱ्यांनी रीत लपवली आणि किल्ली छोटी ठेवली. नेमकं उलटं!

आता परत शिंगणापूरला येतो.

संध्याकाळ झाली होती. मी कंपनीच्या एका अधिकृत सेवा केंद्राला फोन लावला. (नाव लिहीत नाही.) त्यांनी सांगितलं, दोन्ही किल्ल्या नाहीत म्हणजे कोड मागवावा लागेल, पूर्ण संच बदलावा लागेल, आठ-दहा दिवस जातील, गाडी टो करून आणा. खर्चाचा आकडा ऐकून मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. गाडी तिथेच सोडायची वेळ आली. पार्किंगशेजारच्या घरातले एक आजोबा ओट्यावर बसून सगळा तमाशा बघत होते. "राहू द्या इथंच," म्हणाले, "काय होत नाही." त्यांच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून लावायची एक फळी तेवढी भिंतीला टेकवून ठेवलेली.

गावाची कथा तुम्हाला माहीत असेल. पुरात वाहून आलेली काळी शिळा, गुराख्यानं काठी टोचली तर त्यातून रक्त आलं, मग स्वप्नात देवानं सांगितलं, मला छप्पर नको, गावाचं रक्षण मी करीन. तेव्हापासून साडेपाच फुटांची ती शिळा उघड्यावर आणि घरं बिनदाराची. श्रद्धा कुणी मानावी, कुणी मानू नये. पण एक नोंद मला गाडीवाला म्हणून फार बोलकी वाटते. २०१० मध्ये इथे चोरीची तक्रार झाली ती घरातली नव्हती. एका भाविकाच्या वाहनातून ३५ हजारांचा ऐवज गेला होता. म्हणजे जे बाहेरून आलं, कुलूप घेऊन आलं, तेच फुटलं.

आणि २०११ च्या जानेवारीत युको बँकेनं इथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली, तिचीही देशभर चर्चा झाली. पारदर्शक काचेचं दार. पण पुढे बातम्यांत आलं की त्या दाराला सहज नजरेला न दिसणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप आहे. मी हे वाचलं आणि मला माझी गाडीच आठवली. दिसायला दार उघडं, आणि 'नाही' म्हणणारी गोष्ट कुठेतरी आत, अदृश्य. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. आणि २०२५ मध्ये तर बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेच्या नावाखाली भाविकांचे पैसे लाटल्याचं प्रकरण उघडकीला आलं, गुन्हा दाखल झाला. कुलूप अदृश्य झालं, तसा चोरही अदृश्य झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून एक तरुण मुलगा मोटरसायकलवर आला. पाठीवर सॅक, सॅकेत एक छोटं यंत्र. गाडी जिथल्या तिथे, काच शाबूत. त्यानं आधी आरसी आणि माझं लायसन्स मागितलं, दोन्हींचा फोटो काढला. "रागावू नका काका, उद्या पोलिसांनी विचारलं तर दाखवावं लागतं." मला राग नाही, बरंच वाटलं. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडलं, गाडीच्या संगणकातून कोड वाचला, सोबत आणलेल्या कोऱ्या चिपांना गाडीशी ओळख करून दिली. अर्धा तास लागला असेल. लाल दिवा एकदा पेटला आणि विझला. इंजिन सुरू झालं, आणि सुरूच राहिलं. दोन किल्ल्यांचे साडेचार हजार रुपये झाले.

निघताना तो म्हणाला, "आता ह्या दोनच किल्ल्या गाडी ओळखणार. जुन्या मेमरीतून गेल्या. सापडल्या तर घेऊन या, पुन्हा जोडून देईन."

जुनी किल्ली तीन आठवड्यांनी सापडली. अण्णांनाच सापडली. त्यांच्या कारखान्याच्या जुन्या हजेरी कार्डांच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेली. लहान मुलासारखे धावत आले. "बघ! म्हटलं नव्हतं, नीट ठेवलीय?"

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी एवढं लिहिलं.

त्या आधीच्या सहा महिन्यांत अण्णांनी गाडी दोनदा घासून आणली होती. एकदा ते बायपासवर रस्ता चुकून दोन तास फिरत राहिले होते. चाळीस वर्षं ज्या रस्त्यांवर गाडी चालवली, त्याच रस्त्यांवर. डॉक्टरांनी 'आता चालवू नका' असं सांगितलं होतं, आणि अण्णांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मी किल्ली लपवायचा विचार कितीदा केला असेन, पण वडिलांपासून किल्ली लपवायची? ज्यांनी मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यांच्यापासून? धीर झाला नाही.

आणि आता काहीही न करता ते होणार होतं. त्या मुलाकडे किल्ली न्यायची नाही, एवढंच. अण्णांच्या हातात त्यांची किल्ली राहणार, तिनं दारही उघडणार, फक्त इंजिन दोन सेकंदांत बंद पडणार. मी काही हिरावून घेतलं असं कुणी म्हणणार नाही. मी गप्प राहिलो.

आठ दिवसांनी सकाळी खालून स्टार्टरचा आवाज आला. घरघर, दोन सेकंद, बंद. पुन्हा. तिसऱ्यांदा. मी गॅलरीत उभा. अण्णा खाली उतरले, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या, फ्यूज तपासले. चुकत काहीच नव्हतं. जे काम त्यांना अजून नीट येत होतं, ते करूनही दोष सापडत नव्हता. "मलाच काही समजेनासं झालंय का रे?" त्यांनी वर बघून विचारलं.

तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं. आठवण हातातून निसटत चाललेल्या माणसाला मी आणखी एका कोड्यात टाकलं होतं, आणि उत्तर माझ्या खिशात होतं. बँकेच्या त्या अदृश्य कुलपाला हसणारा मीच!

खाली गेलो आणि सगळं सांगितलं. चिप, मेमरी, तो मुलगा, डॉक्टर, बायपास, सगळं. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग किल्ली उलटसुलट करून बघत म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर भांडलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"भांडायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "भांडून दिली असती मी."

त्यानंतर अण्णा गाडी चालवत नाहीत. जुनी किल्ली मात्र त्यांच्याच खिशात असते. ती अजून दार उघडते. मी भाजी घेऊन येईपर्यंत ते आधी जाऊन शेजारच्या सीटवर बसलेले असतात.

जाता जाता कामाच्या दोन गोष्टी. तुमच्या गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच बघा. एक किल्ली हाताशी असताना दुसरी जोडणं सोपं आणि स्वस्त, दोन्ही गेल्या की सगळंच अवघड. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही किल्ल्या मागते. किल्लीसोबत एखादा नंबर कोरलेला बिल्ला किंवा कोडचं कार्ड मिळालं असेल तर ते गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. आणि कुठे ठेवलंय ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.